तेपाच्या गोदामातला पाहुणा

गुरुवारी सकाळी साडेदहाला सार्पोमाच्या पडद्यावर नकाशा आपोआप उमटायला लागला आणि ती खुर्ची मागे ढकलून उभीच राहिली.

आधी मधोमध कुमासी उमटलं. मग त्यातून एक रेघ वर सरकली आणि तिच्या टोकाला तेपा आलं. पाठोपाठ गोआसो, न्कावी, कोनोंगो, बिबियानी. प्रत्येक गावातून बारीक रेघा फुटत होत्या, रेघेच्या शेवटी ठिपका, ठिपक्याखाली नाव. हे कोणी बसून काढत नव्हतं. नवं सॉफ्टवेअर स्वतःच दारोदार फिरून विचारत होतं, तू कोण, तुझ्या शेजारी कोण, आणि मिळालेलं उत्तर मांडत होतं. आसेदा कोको कंपनीचे अडतीस डेपो आणि त्यांतली चारशेच्या वर यंत्रं, त्यांतच तारा एकत्र जोडणारे डबे, म्हणजे स्विच. अर्ध्या तासात सगळा गोतावळा पडद्यावर हजर झाला. कंपनीत सहा वर्षं काढून सार्पोमाने आपलं नेटवर्क असं एकत्र कधीच पाहिलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला, आणि ते सांगायला तिला लाज वाटत नव्हती.

"मामा! यियादोम मामा! अहो लवकर या, चुकाल!"

यियादोम मामा हातातला पेजेचा वाडगा न सांडता जेवढं धावता येतं तेवढे धावत आले. हे काही तिचे सख्खे मामा नव्हेत. कुमासीत ज्याच्याकडून कसब शिकायचं तो मामाच. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस बावीस वर्षं कंपनीच्या तारा ओढत होता. सार्पोमा इथे आली तेव्हा तिला तारेची टोकंसुद्धा सोलता येत नव्हती; ते यांनी शिकवलं. आता ती कुमासीच्या नेटवर्क विभागाची प्रमुख होती आणि मामा कागदोपत्री तिच्या हाताखाली. कागदोपत्रीच.

मामांनी नकाशा पाहिला, पेजेचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "बरा आहे. हाच माझ्या डोक्यात बावीस वर्षं आहे. त्याला वीज लागत नाही."

"पण तुमच्या डोक्यात मला डोकावता येत नाही ना!"

"विचारायचंस की, पोरी. मी काय कुलूप लावलंय?"

"बरं, हे बघा." सार्पोमाने पडद्याच्या तळाशी असलेली पट्टी माउसने डावीकडे ओढली. नकाशावरचं घड्याळ मागे फिरलं. "आता काळ मागे नेता येतो. सेकंदासेकंदाने. आधीचं सॉफ्टवेअर अर्ध्या तासाने एकदा सांगायचं, अमुक बंद आहे. का, कधी, कशाने, काही नाही. हे सगळं लक्षात ठेवतं. आता बघा, दहा वाजून सेहेचाळीस मिनिटं. कोनोंगोचा मुख्य डबा गेला. सेहेचाळीस मिनिटं चाळीस सेकंद, आला. मामा, तुम्ही मघाशी फोन करून त्यांना डबा बंद-चालू करायला सांगितलंत?"

मामांचा वाडगा ओठापाशी थांबला. "कोण म्हणतं?"

"हा म्हणतो."

"चुगलखोर दिसतोय," मामा म्हणाले, पण दुसरी खुर्ची ओढून बसले. मग तासभर उठले नाहीत. कुठल्या तारेतून किती माल वाहतो, कुठला डबा तापलाय, कुठल्या डब्यात काय बदल कोणी आणि कधी केला, सगळं दिसत होतं. आणखी एक नवी सोय होती. नेटवर्क कुठे बंद पडून सुरू झालं की एक चौकट समोर यायची, 'कारण लिहा'. एकदा लिहिलं की खोडता येत नाही, मोठ्या साहेबांनाही नाही.

"हे चांगलं केलंन," मामा म्हणाले. "खोडायला मिळालं की माणूस शहाणा व्हायचा राहतो."

सार्पोमा हसली, पण तिची नजर नकाशावरच्या तेपाकडे गेली. कारण हे सॉफ्टवेअर तिने हट्टाने मागून घेतलं होतं ते नकाशाच्या हौसेने नव्हे. मामांसाठी मागितलं होतं.

गोष्ट अशी, की कोकोचा हंगाम सुरू झाल्यापासून सलग सात शनिवार तेपाची लाइन बंद पडत होती. सकाळी नऊच्या सुमाराला जायची आणि संध्याकाळी आपली आपण यायची. तेपा हा कंपनीचा सगळ्यांत मोठा डेपो. तिथे पोत्यांचं वजन काट्यावरून थेट कुमासीला येतं; लाइन नसली की काटा बंद, काटा बंद की खरेदी बंद. शेतकरी पोती घेऊन उन्हात ताटकळत, आणि शेवटी शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या दारात जात. दर सोमवारी मामा तेपाला जात, एकूण एक तार तपासत आणि वहीत लिहीत, 'सगळं ठीक'. सोमवारी खरोखरच सगळं ठीक असे. सात सोमवार, सात वेळा 'सगळं ठीक'.

दूर राजधानीत, अक्राच्या मुख्य कचेरीतले द्वामेनासाहेब, कंपनीचं सगळं तंत्रज्ञान बघणारे, ते आठवं 'सगळं ठीक' वाचायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, म्हातारा प्रवासभत्त्यासाठी तेपाला जातो, चक्कर मारतो आणि परत येतो. येत्या शनिवारी तेपा पडलं तर सोमवारी यियादोम यांना घरी बसवायचं, असं पत्र त्यांनी तयार ठेवलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला. पत्राची नक्कल सार्पोमाला पाठवली होती आणि मामांनाही सांगितलं होतं, लपवाछपवी नको म्हणून. द्वामेनासाहेब वाईट माणूस नव्हते. अक्राचे होते, एवढंच.

मामा त्यावर एकदाच बोलले होते. "पोरी, मी तेपाची एकूण एक तार हाताखालून घातली आहे. मला चूक सापडत नाही. सापडत नाही म्हणजे नाही असं मात्र मी म्हणणार नाही."

दुपारी नकाशावरची नावं वाचताना मामांचा चेहरा खुलला. नावं त्यांनीच ठेवलेली होती. गुरुवारी बसवलेला डबा याव, शुक्रवारचा कोफी, सोमवारचा क्वाद्वो. पुढे गावाचं नाव. माणसांची जन्मवारावरून ठेवतात तशीच. आणि माणसांसारखंच त्यांनी यंत्रांनाही बारसं लावलं होतं. इथल्या रीतीने पोर जन्मलं की सात दिवस ते पाहुणं असतं. राहतंय की परत जातंय हे त्याचं त्याने ठरवायचं. आठव्या दिवशी राहिलं की नाव. आधीच गेलं तर नाव नाही आणि रडणंही नाही, पाहुणा आला होता आणि गेला. मामा नवा डबा बसवला की सात दिवस वहीत त्याची नोंदच करत नसत. आठव्या दिवशी झाकणाला एक बोट पाण्याचं, एक बोट जिनचं, "पाणी म्हणशील तर पाणीच म्हण, दारू म्हणशील तर दारूच म्हण," म्हणजे जे आहे तेच बोल ही शिकवण, आणि मग नाव. कॉलेजातून नव्याने आलेले इंजिनिअर हसायचे. पण पहिल्या आठवड्यात मरणारे डबे खरंच पुष्कळ असत, आणि कागदावर मेलेल्यांची गर्दी नको हे मामांचं म्हणणं कोणालाच चूक वाटलं नव्हतं. सार्पोमालाही नाही. तीच ती वही वर्षातून दोनदा संगणकात उतरवून घ्यायची.

शनिवार उजाडला. हरमाटनची, म्हणजे वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची, धूळ यायला लागली होती आणि खिडकीबाहेर सूर्य पिवळट दिसत होता. सार्पोमा सातलाच येऊन बसली. मामा तिच्या आधी आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"हे काय, लग्नाला?"

"शनिवार आहे, मयतींचा वार. काळा घालावा तर कोणाच्या मयतीला निघालो असं वाटेल. कदाचित माझ्याच." मामा हसले. "म्हणून पांढरा घातला."

साडेआठला द्वामेनासाहेब टेबलावरच्या फोनवर आले. त्यांच्या पडद्यावरही तोच नकाशा उघडा होता. "सार्पोमा, मी बघत बसणार आहे. मध्ये बोलणार नाही."

"जी सर."

नऊ वाजता तेपा हिरवं होतं. काट्याची वजनं एकामागून एक येत होती, पोतं ठरलेल्या मापाचं, चौसष्ट किलो, चौसष्ट किलो, चौसष्ट किलो. नऊ वाजून एक मिनिट, हिरवं. मामांनी गुडघ्यावर बोटं वाजवायला सुरुवात केली. नऊ वाजून दोन मिनिटं, हिरवं. सार्पोमाला वाटलं, आज वाचलो.

नऊ वाजून तीन मिनिटांनी तेपा लाल झालं. वजनं थांबली.

फोनवर द्वामेनासाहेबांनी सुस्कारा सोडला तेवढा ऐकू आला. मामा उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"मामा, इकडे या."

"बघितलं मी."

"नाही बघितलंत. या इकडे! हे जुनं सॉफ्टवेअर नाही!" सार्पोमाने पट्टी पकडली होती. तिने घड्याळ मागे नेलं, नऊ वाजून एक मिनिट. मग सेकंदा-सेकंदाने पुढे. याव-तेपा, मुख्य डबा, हिरवा. त्याच्याखाली कोफी-तेपा, काट्याचा, हिरवा. क्वाद्वो-तेपा, कचेरीचा, हिरवा. दोन मिनिटं दहा सेकंद, अकरा, बारा.

बाराव्या सेकंदाला याव-तेपाच्या शेजारी एक ठिपका उगवला. राखाडी. त्याखाली नाव नव्हतं.

"अगं बाई!" सार्पोमा ओरडलीच.

तेराव्या सेकंदाला त्या ठिपक्यातून याव-तेपाकडे एक रेघ गेली. चौदाव्याला दुसरी. मग दोन्ही रेघा जाड व्हायला लागल्या, लाल झाल्या. एका वाटेने गेलेला निरोप दुसऱ्या वाटेने परत येत होता, आल्या पावली पुन्हा निघत होता, दर फेरीला दुप्पट होऊन. चाळीस सेकंदांत त्या गरगरण्याने लाइन तुंबली आणि तेपा गेलं.

"घाणा फिरतोय," मामा तिच्या मागून म्हणाले. ते कधी आले तिला कळलं नव्हतं. "एकाच डब्याला दोन तारा. पण हा डबा कोण? तेपात तीनच आहेत."

"नऊ वाजून दोन मिनिटं बारा सेकंद," सार्पोमा म्हणाली आणि मोबाइलवरून तेपाच्या डेपोला फोन लावला. सात शनिवारांत हे कोणालाच विचारता आलं नव्हतं, कारण नेमकी वेळच कोणाला माहीत नव्हती.

डेपोचा कारकून न्तियामोआ फोनवर आला. मागे माणसांचा गलका होता. "मॅडम, गेली हो लाइन. मी सांगणारच होतो. मुख्य डबा बंद-चालू केला, पण..."

"ते राहू दे. दहा मिनिटांपूर्वी तू काय केलंस?"

"मी? काही नाही मॅडम. वजन करत होतो."

"नऊ वाजून दोन मिनिटांनी. नीट आठव. कशाला हात लावलास?"

"देवाशपथ कशाला नाही!"

मामांनी फोन तिच्या हातून घेतला. "ए न्तियामोआ, मी यियादोम. वजन करत होतास तर काट्यावरून उठलास कशाला?"

"उठलो होय, मामा? हां... त्या खुर्च्यांसाठी. शनिवार ना आज. लोहाराच्या घरची मयत आहे. मंडप आणि दोनशे खुर्च्या आपल्या मागच्या गोदामात असतात, गावाच्या. दर शनिवारी कोणी ना कोणी न्यायला येतं. गोदाम उघडून दिलं फक्त."

"आणि?"

"आणि काय? आत अंधार असतो, म्हणून मेन बटण वर केलं. बाकी काही नाही."

सार्पोमाने मामांकडे पाहिलं. मामांचा हात हळूच कपाळाकडे गेला.

"ते बटण खाली कर," मामा म्हणाले.

"आत्ता? मामा, आत माणसं खुर्च्या काढतायत. मृताची बहीण दारात उभी आहे. अंधारात कोणी पडलंबिडलं तर? मयतीच्या माणसांना नाही म्हणू मी?"

"नाही म्हणू नकोस. तुझ्या फोनचा दिवा लाव, दारात उभा राहा आणि स्वतः खुर्च्या काढून दे. पण बटण आधी खाली कर. मृताच्या बहिणीला माझा नमस्कार सांग."

"बॅटरी कमी आहे हो..."

"न्तियामोआ!"

फोनवर पावलं ऐकू आली, एका बाईचा त्रासलेला आवाज आला, मग खटका पडला. सार्पोमा पडद्यावर डोळे लावून होती. राखाडी ठिपका विझला. लाल रेघा बारीक झाल्या, पुसट झाल्या, गेल्या. नऊ वाजून चौदा मिनिटांनी तेपा हिरवं झालं आणि तुंबलेली वजनं भडाभडा यायला लागली. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट!

सार्पोमाने टेबलावर दोन्ही हात आपटले. "सापडला! मामा, सात शनिवार! सापडला! सर, बघितलंत? मयतीच्या खुर्च्या! दर शनिवारी खुर्च्या देताना गोदामाची वीज सुरू होते, त्याबरोबर हा जागा होतो, आणि संध्याकाळी खुर्च्या परत आल्या की बटण बंद, हा झोपतो! सोमवारी कोण कशाला गोदाम उघडतंय? सोमवारी कुठली मयत?" तिला हसू आवरत नव्हतं. ती मामांचे खांदे धरून गदागदा हलवायलाच निघाली होती.

मामा हसत नव्हते.

पडद्यावर चौकट आली होती. 'तेपा, अकरा मिनिटं बंद. कारण लिहा.'

सार्पोमाने मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ठिपका विझला त्या जागेकडे. तिच्या लक्षात आलं. तेपात डबे बसवणारा माणूस बावीस वर्षं एकच होता.

तिने फोनचा आवाज अक्राला जाणार नाही असं बटण दाबलं. "कुठला डबा, मामा?"

"जूनमधला. गोदामात कॅमेरा लावायचा होता, त्यासाठी वर वाशावर बसवला. चौथ्या दिवशी वाटलं, एक तार तुटली तर दुसरी असावी, म्हणून दोन ओढल्या. पाचव्या दिवशी वीज कडाडली. सहाव्याला गेलो तर खालून बॅटरी मारून पाहिलं, दिवा नाही. म्हटलं, गेला पाहुणा. शिडी मंडपवाल्यांनी नेली होती, म्हणून वर चढलो नाही, तारा काढल्या नाहीत. कॅमेरा दुसरीकडे नेला. आठवा दिवस आलाच नव्हता, म्हणून वहीत लिहिला नाही." मामा थांबले. "तो मेलेला नव्हताच, पोरी. पावसाच्या भीतीने न्तियामोआने मेन बटण खाली केलेलं असणार. हंगाम लागेपर्यंत काटाच बंद, म्हणून लाइन जाते हे कोणाला कळलं नाही. मी वर बघितलं, भिंतीकडे बघितलं नाही."

सार्पोमाने चौकटीत बोटं चालवली. 'तेपा गोदामातील विजेच्या जोडणीत दोष.' हे खोटं नव्हतं. अगदीच खोटं नव्हतं. ती शेवटचं बटण दाबणार तोच मामांनी तिचं मनगट धरलं.

"पुसून टाक."

"मामा, पत्र तयार आहे."

"मला दिलंय त्यांनी वाचायला. पुसून टाक. आज माझ्यासाठी हे लिहिशील आणि पाच वर्षांनी कोणीतरी ही पट्टी मागे ओढेल. तेव्हा पत्र तुझ्या नावाने निघेल. त्या वेळी मी काय करू, घरी बसून तुझ्यासाठी रडू?"

"पण तुम्ही..."

"सरक तिकडे."

मामा तिच्या खुर्चीत बसले आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहायला लागले. सार्पोमाला ते बघवेना आणि नजरही हटेना. 'मी जूनमध्ये बसवलेला डबा न तपासता मेला समजलो. तारा काढल्या नाहीत. नोंद केली नाही. चूक माझी. के. यियादोम.' त्यांनी बटण दाबलं. चौकटीला कुलूप लागलं. आता ते अक्रालाही दिसत होतं.

सार्पोमाने फोनचा आवाज पुन्हा सुरू केला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"वाचलं मी," द्वामेनासाहेब म्हणाले. "यियादोम, सोमवारी काय ठरलं होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, साहेब."

"तरी लिहिलंत."

"घडलं ते लिहिलं."

मग साहेबांनी विचारलं, "असे आणखी किती आहेत?"

सार्पोमा खुर्चीच्या मागून वाकली आणि नकाशाला सांगितलं, वहीत नाव नसलेली यंत्रं वेगळी काढ. हेही त्याला येत होतं. अडतीस डेपोंतून तीन राखाडी ठिपके चमकले. "तीन, सर. गोआसो, न्कावी आणि बिबियानी."

"नऊ," मामा म्हणाले.

"पडद्यावर तीनच आहेत, मामा."

"त्याला जागे दिसतात. बाकीचे सहा झोपलेत. कोणीतरी कुठलंसं बटण वर करेल तेव्हा उठतील." त्यांनी डोळे मिटले. "गोआसो, चौकीदाराच्या खोलीत, दाराच्या वर. ऑगस्टच्या बारा तारखेला बसवला, तिसऱ्या दिवशी गेला. न्कावी, जुन्या काट्यामागे, सहाव्या दिवशी. बिबियानी, पाण्याच्या टाकीखालच्या पेटीत, पहिल्याच रात्री. आता झोपलेले. कोनोंगो, माळ्यावर, सातव्या दिवशी; एक रात्र काढली असती तर नाव मिळालं असतं त्याला."

"थांबा, थांबा." फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. द्वामेनासाहेबांच्या आवाजात पहिल्यांदाच अक्रा नव्हतं. "तुम्ही तर लिहिलंत, नोंद केली नाही. पाहुण्याला मोजत नाहीत ना तुमच्याकडे?"

"लिहीत नाही, साहेब." मामांनी डोळे उघडले. "माझ्या आईची तीन गेली, आठव्याच्या आत. नाव नाही, रडणं नाही, रीतच तशी. आम्ही पाच राहिलो. पण कोणी विचारलं, बाई, मुलं किती, की ती पाच म्हणायच्या आधी थोडी थांबायची. एवढंसंच. आम्ही हसायचो तिला, साधं पाच मोजता येत नाही म्हणून."

तेपाची वजनं येतच होती.

"ते पत्र मी फाडतोय," द्वामेनासाहेब म्हणाले. "तेपाची अकरा मिनिटं तुमच्या नावावर राहतील, ती मला पुसता येत नाहीत. पण या सहांपैकी एक जरी उद्या जागा झाला, तर मला कोण सांगणार तो कुठल्या वाशावर आहे? हा नकाशा? सोमवारपासून नवे डबे पहिल्या दिवसापासून लिहायचे, यियादोम. नाव आठव्या दिवशी ठेवा हवं तर, पण पहिल्या दिवशी लिहायचे. आणि हे नऊ आधी."

"लिहीन, साहेब."

सार्पोमाने डोळे पुसले, लपवले नाहीत. शेजारची खुर्ची ओढून तिने कळफलक स्वतःकडे घेतला. नकाशावर हाताने ठिपका ठेवायची सोयही नवी होती, आणि ती तिने अजून एकदाही वापरलेली नव्हती.

"सांगा मामा. कोनोंगो, माळा. कुठल्या बाजूचा?"

"रस्त्याच्या. पण तिथे चढायचं तर शिडी आपली न्यावी लागेल. त्यांची कायम कोणीतरी मागून नेलेली असते." मामांनी पडद्याकडे झुकून बोट टेकवलं. "इथे. नाही, जरा डावीकडे."

तिने ठिपका जरा डावीकडे ठेवला.